घरपट्टी-पाणीपट्टी क्यूआरवर घ्यायची, तर ग्रामपंचायतीनं नेमकं काय करायचं?

विट्याजवळच्या एका गावातल्या ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलंय : कर रोखीऐवजी यूपीआयनं घ्यायचा आहे, बँक क्यूआर द्यायला तयार आहे, मग एवढ्यावर भागतं का, गोंधळ नेमका कुठं होतो, आणि सरकारी कार्यालयातही हेच लागू होतं का?

भागत नाही. क्यूआर मिळणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खात्यात ९४० रुपये आले, पण ते कुठल्या मिळकतीचे हे कळलं नाही, तर नमुना ९ मधली, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीतली, थकबाकी तशीच राहते आणि पैसे भरलेल्या माणसाला पुढच्या वर्षी नोटीस जाते. म्हणून सगळी मांडणी एकाच गोष्टीभोवती करा : आलेला प्रत्येक रुपया कुणाचा आणि कशाचा, हे त्याच दिवशी कळलं पाहिजे.

सुरुवात खात्यांपासून. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मुख्य खात्यात जातात. पाणीपट्टी पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या खात्यात. क्यूआर एका खात्यालाच जोडलेला असतो, त्यामुळं दोन क्यूआर लागतात. बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथंच होते. घरपट्टी ९४० आणि पाणीपट्टी १,२०० असेल तर माणूस सरळ २,१४० एकाच क्यूआरवर टाकून मोकळा होतो. मग पाण्याचे बाराशे ग्रामनिधीत अडकतात, ते वळते करायला धनादेश, दोन्हीकडं नोंदी, आणि लेखापरीक्षणात त्यावर शेरा. दोन्ही क्यूआरना वेगवेगळ्या रंगाची चौकट करा, निळी म्हणजे पाणी, आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘फक्त पाणीपट्टी’, ‘फक्त घरपट्टी’ लिहा. खिडकीत दोन्ही शेजारी-शेजारी लावू नका. हातभर अंतर ठेवा, नाहीतर मोबाईल भलताच पकडतो.

बँकेकडं जाताना मासिक सभेचा ठराव लागेल. खातं संयुक्त सहीचं असतं, त्यामुळं अर्जावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या सह्या. खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत असेल तर त्या खात्याला व्यापारी क्यूआर मिळतो का, रोजचा अहवाल कसा मिळतो, हे शाखेत आधी विचारून घ्या आणि मगच ठराव लिहा. क्यूआरवर दिसणारं नाव ‘ग्रामपंचायत अमुक’ असंच हवं. क्यूआरला जोडायचा मोबाईल नंबर मात्र सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. तिथं क्लार्कचा नाहीतर संगणक परिचालकाचा स्वतःचा नंबर दिला जातो. तो माणूस गेला की संदेश त्याच्याबरोबर जातात. ग्रामपंचायतीच्या नावानं वेगळं सिम घ्या, साधा स्मार्टफोन घ्या, आणि तो कार्यालयाबाहेर न्यायचा नाही असं ठरवा.

एक गोष्ट कुणी कितीही गळ घातली तरी करू नका. ‘तोवर माझ्या नंबरवर घेतो, संध्याकाळी भरतो’ हे चालत नाही. सार्वजनिक पैसा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात गेला की त्याला अपहार म्हणायला फार वेळ लागत नाही, मग संध्याकाळी भरलेला असो वा नसो.

आता खिडकीवरचा क्रम. आधी नमुना ९ काढून मिळकत क्रमांक आणि रक्कम तोंडी सांगा. मग स्कॅन. मग कार्यालयाच्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर (पैसे आले की बोलून सांगणारा डबा) खात्री. मग नमुना १० ची पावती, आणि पावतीवर ‘यूपीआय’ लिहून बारा अंकी क्रमांक. समोरच्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट बघून पावती फाडू नका. तसले स्क्रीनशॉट तयार करणारी बनावट ॲपं सर्रास मिळतात. बारा अंकी म्हणण्याचंही कारण आहे. फोनपेवर ‘टी’नं सुरू होणारा त्यांचा स्वतःचा क्रमांक वर दिसतो, गुगल पेवर गुगलचा वेगळा क्रमांक असतो, आणि लोक तोच वाचून दाखवतात. बँकेच्या विवरणाशी जुळतो तो बारा आकड्यांचा, फोनपेवर ‘यूटीआर’ म्हणून आणि गुगल पेवर ‘यूपीआय व्यवहार क्रमांक’ म्हणून दिलेला. चुकीचा क्रमांक लिहिलात तर महिनाअखेरीला जुळवाजुळव करणारा डोक्याला हात लावून बसतो.

तुमच्या भागात खरा फायदा खिडकीवर नाहीच. विटा, खानापूर, आटपाडीची बरीच घरं गलाईवाल्यांची, म्हणजे परगावी सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्यांची. माणूस कोइम्बतूरला नाहीतर दिल्लीला, घराला कुलूप, आणि येणं यात्रेला. वर्षानुवर्षांची थकबाकी याच घरांची. त्यांच्यासाठी भिंतीवरचा क्यूआर काय कामाचा? त्यांना मागणी बिलच व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि जमल्यास त्यावर त्या मिळकतीचा स्वतंत्र क्यूआर छापा, ज्यात रक्कम आणि मिळकत क्रमांक आधीच भरलेला असतो. बँकेकडून किंवा तुमच्या करवसुलीच्या सॉफ्टवेअरमधून ही सोय मिळते का हे विचाराच. मिळत असेल तर निम्मा त्रास तिथंच संपला.

मिळत नसेल तर काय होतं ते बघा. ३१ मार्चच्या विवरणात ९४० रुपयांची ओळ, समोर पैसे पाठवणाऱ्याचं नाव. ते नाव नातवाचं. नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, मिळकत अजून आजोबांच्या नावावर, आणि त्या आडनावाची गावात चाळीस घरं. ‘टिपेत मिळकत क्रमांक लिहा’ असं सांगितलेलं असलं तरी ती टीप बँकेच्या विवरणात उमटेलच असं नाही. म्हणून दूरवरून भरणाऱ्यांना एकच नियम सांगा : पैसे भरले की लगेच कार्यालयाच्या नंबरवर मिळकत क्रमांक आणि बारा अंकी क्रमांक पाठवायचा, तो विवरणात सापडल्यावरच पावतीचा फोटो परत येईल. पावती हवी म्हणून लोक बरोबर पाठवतात.

दिवसाचा ताळा रोज घाला. दोन्ही खात्यांचा अहवाल, दोन्हीच्या पावत्यांची बेरीज, आणि फरक असेल तर त्याच दिवशी शोध. यूपीआय रात्री आणि रविवारीही चालतं, त्यामुळं अहवाल कार्यालयाच्या वेळेचा काढून उपयोग नाही, रात्री बारा ते बारा काढा. ३१ मार्चच्या रात्री भरलेले पैसे खात्यात १ एप्रिलला दिसले तर वाद ठरलेला. माझ्या मते सूट किंवा दंडासाठी माणसानं भरले ती तारीख धरावी, रोकडवहीत खात्यात जमा झाले ती, आणि फरक ताळमेळ पत्रकात दाखवावा. पण हे आधीच ठरावात लिहून ठेवा.

पैसे कापले गेले पण खात्यात आले नाहीत, ही तक्रार येणारच. लगेच ‘परत भरा’ म्हणू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशा व्यापारी व्यवहारात रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. माणसानं घाईनं दोनदा भरलेच आणि दोन्ही जमा झाले, तर परतावा देण्यापेक्षा त्याच्या लेखी संमतीनं पुढच्या वर्षीच्या मागणीत आगाऊ जमा धरणं सोपं जातं.

शुल्काचं म्हणाल तर साध्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क (पैसे घेणाऱ्याच्या रकमेतून कापलं जाणारं) नाही. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून भरलं तर शुल्क लागू शकतं. पावती बाराशेची आणि जमा त्याहून कमी, मग फरक कुणी भरायचा? ही सोय बंद ठेवता येते का ते बँकेला विचारा. कार्ड मशीन मात्र घेऊ नका, गावात त्याचं भाडंही निघत नाही. साउंडबॉक्सलाही भाडं असतं आणि त्यात स्वतःचं सिम असतं, तेव्हा कार्यालयाच्या जाड भिंतींच्या आत कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा.

क्यूआर काचेच्या आतून लावा. बाहेर लावला की त्यावर दुसरा चिकटवायला मिनिट लागत नाही. रोज सकाळी शिपायानं एकदा स्कॅन करून नाव वाचायचं, झाडलोट करताना हेही. रोख घेणं बंद करू नका. म्हाताऱ्या माणसाला बटनाच्या फोनवरून यूपीआय शिकवण्याची ती जागा नव्हे.

आणखी एक, कारण प्रश्नात ‘सरकारी कार्यालय’ असाही उल्लेख आहे. तहसील वगैरे राज्य शासनाच्या कार्यालयांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथली रक्कम कोषागारात जाते आणि ती शासनाच्या ‘ग्रास’ या ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनानं भरायची असते. तिथं चूक होते ती विभाग, लेखाशीर्ष आणि कार्यालयाचं नाव निवडताना. पैसे शासनाकडं जातात, पण चलन भलत्या कार्यालयाच्या नावानं निघालं तर समोरच्या टेबलाला ते वापरता येत नाही, आणि परतावा मागायला खेटे. चलन वापरल्यावर ते ‘डिफेस’ करायचं असतं, म्हणजे प्रणालीत वापरलेलं म्हणून नोंदवायचं, मग तीच छापील प्रत दुसऱ्या कामाला चालत नाही.

सुरुवात मार्चच्या गर्दीत करू नका, एप्रिल-मेमध्ये करा. आधी दोन्ही क्यूआरवर तीन वेगवेगळ्या ॲपवरून एकेक रुपया टाका, दुसऱ्या दिवशी विवरण काढा, आणि त्यात नाव, टीप, क्रमांक यातलं काय काय उमटलं ते बघून मगच पावतीचा नमुना ठरवा. आणि त्या सहा रुपयांच्याही पावत्या फाडा, नाहीतर पहिल्याच दिवशी ताळा चुकेल.