एकच गाणं पाठव

प्रिय दोस्ता,

परवा सात रस्त्याला चहा पिताना तू बोललास ना, "दादा, सोलापुरात हे असलं ऐकणारा मी एकटाच आहे", असलं म्हणजे इंडी बँड, मोठ्या कंपनीशिवाय आपली गाणी आपणच काढणारे, ते काही डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस.

एकटा नाहीयेस तू. पण ऐकणारे आयते मिळत नसतात रे, एकेक करून जमवावे लागतात. तुझ्या वयाचा असताना मी एका मित्राला पेनड्राइव्ह भरून चाळीस गाणी दिली होती, सगळे इंडी बँड, रात्र रात्र जागून निवडलेली. दोन महिन्यांनी पेनड्राइव्ह परत आला, त्यानं एकही ऐकलं नव्हतं. खूप लागलं तेव्हा. आता कळतं की त्याचं काहीच चुकलं नव्हतं, चाळीस गाणी म्हणजे मी त्याला अभ्यास दिला होता.

मग दुसऱ्याच एका मित्राला, जो भजनी मंडळात तबला वाजवायचा, त्याला मी दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा 'डेझर्ट रेन' ऐकवला. 1997 चा अल्बम, आख्खा लाइव्ह रेकॉर्ड केलेला. त्याला एवढंच सांगितलं की यात तबला वाजवणारा आणि गाणारा माणूस एकच आहे, असीम चक्रवर्ती, आणि शेजारी ड्रम्सपण चालू आहेत, तर तबला कुठं थांबतो आणि कुठं परत शिरतो ते फक्त बघ. त्यानं रात्री अकराला फोन केला, "अजून आहे का बे असलं?" रॉक हा शब्दसुद्धा त्याला कधी आवडला नव्हता.

तर माणूस आधी बघायचा, बँड नंतर. ज्याला जे आधीपासून ऐकू येतं तिथनं त्याला आत न्यायचं. तुझी आई हरिपाठ म्हणते ना, तिला मुंबईच्या अभंग रिपोस्ट नावाच्या बँडचं एखादं ऐकव, शब्द तिच्या तोंडपाठ असतील, खाली बेस गिटार आणि ड्रम्स काय करतात ते तिचं तिला कळेल. फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नकोस, तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जाईल ते. एका वेळी एकच गाणं, एकाच माणसाला, आणि सोबत एक ओळ की हे तुलाच का पाठवतोय. लिंक टाकून "मस्ट लिसन" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

आणि भाषेची भीती तर सोलापूरकरानं बाळगूच नये. पूर्व भागात गेलं की तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूनं कन्नड, बाजारात उर्दू, आपण लहानपणापासून अर्धं समजून अर्धं नुसत्या सुरावर ओळखत आलोय. मग केरळचा अवियल बँड मल्याळममध्ये गातो म्हणून अडायचं काय कारण? 2008 चा त्यांचा अल्बम आहे, बँडच्याच नावाचा, तो ऐक. परवाज बंगळुरूचा, पण गातात उर्दूत आणि काश्मिरीत, त्यांचा 'बारान' 2014 चा. त्यातल्या काश्मिरीचा मला एक शब्द कळत नाही आणि तरी कितीतरी वेळा रात्री दिवा बंद करून ऐकलाय.

नवीन बँड कुठनं शोधायचे विचारलंस. गाण्यांचं अॅप जे पुढं ढकलतं ते ऐक की, पण त्याच्यावर राहू नको, ते तुला तू काल ऐकलेलंच परत वाढतं. एखादा बँड आवडला की त्याच्या अल्बमखालची नावं वाच, कुणी रेकॉर्ड केलं, कुणी पाहुणा म्हणून वाजवलं, त्यांच्या आधी स्टेजवर कोण होतं. तिथनं दुसरा बँड, तिथनं तिसरा. मला तर अल्बमपेक्षा लाइव्ह सेशनमधनं जास्त सापडलं. वॉशिंग्टनमध्ये एनपीआर नावाचा रेडिओ आहे, 2008 पासून ते ऑफिसातल्या टेबलामागं बँड उभा करून वाजवायला लावतात, टायनी डेस्क म्हणतात त्याला. ना लाइट ना धूर, समोर नुसती कामावरची माणसं, त्यामुळे बँड खरंच वाजवतोय का ते लगेच समजतं. आणि पैसे आले हातात की बँडकॅम्प नावाच्या साइटवरनं एखादा अल्बम विकत घे, डिजिटल अल्बमवर साइट साधारण 15 टक्के ठेवते, पेमेंटचा खर्च सोडला तर बाकी बँडला जातं. 2020 च्या मार्चपासनं काही शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात, तो दिवस बघून घेतलास तर अजून छान.

आता पुण्याला गिग, म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम, बघायला जायचं म्हणतोस त्याचं. जा, नक्की जा, पण नीट ठरवून. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी इथनं नेते खरी, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास ती पुण्यातनं परत निघते आणि गिग तर सुरूच होतो आठ-नऊला, म्हणजे यायला रात्रीची गाडी नाहीतर एसटी, ते तिकीट आधी काढून ठेव आणि घरी खरं सांग. मेडिकलमधनं फोमचे इअरप्लग घे, वीस-तीस रुपयांची गोष्ट आहे, कान एकदा गेले की परत येत नाहीत. स्टेजला चिकटून उभं राहू नको, तिथं नुसता गिटारचा अॅम्प, म्हणजे तिचा आवाज वाढवणारा डबा, कानात भरतो. साउंडवाला आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर घेऊन बसलेला असतो ना, त्याच्या आसपास उभा राहा, तो जे ऐकून बॅलन्स करतो तेच तुला ऐकू येईल. पहिल्या अनोळखी बँडला वेळेवर पोच, तेव्हा हॉलमध्ये पंधरा माणसं असतात आणि त्यातला एक तू असलास तर त्यांना ते दिसतं. नंतर बँडचे टी-शर्ट विकतात त्या टेबलापाशी जाऊन दोन शब्द बोल, लाजू नको.

मोबाइलवर फार तर एक गाणं शूट कर, मागनं, फोन आडवा धरून, मग खिशात ठेव. गाणं अजून रिलीज झालेलं नसेल तर बँडला विचारल्याशिवाय कुठं टाकायचं नाही. आणि घरी आल्यावर वहीत लिही, तारीख, जागा, कुठली गाणी, कुठल्या क्रमानं. हे फालतू वाटेल तुला. पण फुगाझी नावाच्या अमेरिकन बँडनं स्वतःचे 800 च्या वर कार्यक्रम टेप करून जपले, 2011 पासनं ते लोकांसाठी खुले करायला लागले, आणि आज आपण इथं बसून त्यांची 30-35 वर्षांपूर्वीची एखादी रात्र ऐकू शकतो, कुणीतरी तारीख लिहून ठेवली होती म्हणून.

छोट्या गावाचं म्हणशील तर आर.ई.एम. हा बँड न्यूयॉर्कचा नव्हे, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या कॉलेजच्या गावातला. 5 एप्रिल 1980 ला ते पहिल्यांदा वाजवले ते एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जुन्या चर्चमध्ये. हॉल नाही, तिकीट नाही. आपल्याकडं हॉल नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा गच्ची आहे की.

माझ्या जुळे सोलापूरच्या गच्चीवर रविवारी सातला ये. तबलेवाला येणार आहे, त्याची बहीण येणार आहे, अजून दोघं असतील. स्पीकर मी आणतो, फोन सगळ्यांचे खाली टोपलीत. तू एकच गाणं आण, लाइव्हचं, दोन नाही, आणि कुणासाठी आणलंस ते आधीच ठरवून ये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई देणार आहे.

तुझा,
दादा