दारव्ह्याकडच्या खेड्यात मे महिन्यात किटमधून घरी बिअर बनवता येईल का?

तुमचा भाऊ ऑस्ट्रेलियाहून किट घेऊन आला, डब्यावर 20 ते 22 अंशांत ठेवा असं लिहिलंय, आणि तुम्ही विचारताय की कूलरसमोर बिअर आंबवायचा ड्रम ठेवला तर जमेल का. नाही जमणार. पण त्याआधी कायद्याचं बोलतो.

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. त्यात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी असली तरी. प्यायचा परवाना असला म्हणून बनवायची मुभा मिळत नाही. मोहाच्या दारूवरच्या धाडीत भट्टी पेटायच्या आधीचा नुसता सडवा, म्हणजे आंबत घातलेली मोहफुलंसुद्धा, जप्त करून नष्ट करतात ना, मग तुमचा ड्रम सुटेल कशावरून? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात निदान दुकानं तरी आहेत. शेजारी वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे, त्यामुळे किट घेऊन तिकडच्या मामाकडे जायचा विचार असेल तर तोही सोडा.

आता उन्हाचं. मी मेलबर्नला नोकरीला असताना आम्ही रूममेट गॅरेजमध्ये हीच किटं लावायचो. तिकडे घरी बनवायला परवानगी आहे. डबा 1.7 किलोचा, आत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) पाक, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घातलेला, काकवीसारखा घट्ट. त्यात किलोभर साखर आणि पाणी घालून 23 लिटर करायचं, वरून यीस्ट भुरभुरायचं. दुसऱ्या दिवशी पिवळट फेस चढतो, ड्रमच्या आतल्या कडेला तपकिरी चिकट वळं धरतं, एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारा झाकणावरचा पाण्याचा बूच, बुडबुडायला लागतो. बाकी सगळं काम यीस्टचं. भांडी, नळी, चमचा मात्र जंतुनाशकातून काढलेले हवेत, नाहीतर आंबट होते.

यीस्टला उष्णता झाली की ते भराभर काम उरकतं आणि नको ते अल्कोहोल तयार करतं. वास थिनरसारखा, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचं. त्यात आंबताना ड्रम स्वतःच बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम होतो. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, गॅरेज 30 च्या वर गेलं की आम्ही ड्रमाला ओले टॉवेल गुंडाळून पंखा लावायचो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, पण बाप्पा, टिनाखाली 40 असताना पाच-सात अंश उतरून काय होणार? त्यात रात्री लाइन गेली की कूलरही बंद. 40 च्या पुढे तर यीस्ट मरायलाच लागतं.

बाटल्या फुटतात का, हेही विचारलंय. फुटतात. आंबणं पुरतं व्हायच्या आत भरल्या किंवा भरताना साखर जास्त पडली तर. हायड्रोमीटरचं (द्रवाचा दाटपणा मोजणाऱ्या काचेच्या नळीचं) माप साधारण 1.040 वरून 1.010 च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथंच थांबलं, मगच भरायच्या. वर गॅससाठी लिटरला 6 ते 8 ग्रॅम साखर, जास्त नाही. साखरेला हात सैल सोडणाऱ्याच्याही बाटल्या फुटतात.

हे सगळं भावाला सांगा, त्याला तिथं कामी येईल. डबा त्याच्याबरोबर परत जाऊ द्या, तोवर फ्रिजमध्ये ठेवा. यीस्टचं पाकीट बहुतेक वरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं. उन्हात गाडीत राहिलं असेल तर त्याला तिकडे नवीन घ्यायला लावा, स्वस्त असतं.