जुन्या सायडिंगचा रूळ कुणाचा?

पाऊस सरला, रान कापलं की गोव्यातल्या सावर्डे-कुळे पट्ट्यातून जुन्या रेल्वेलाईनबद्दल आणि तिच्या सायडिंगबद्दल, म्हणजे बाजूला फुटलेल्या फाट्यांबद्दल, हेच प्रश्न येतात. एकदाच उत्तरं देतो.

ही लाईन पोर्तुगीजांनी बांधली ना?
हमी पोर्तुगीज सरकारची, कंपनी लंडनची. १८७८च्या करारानंतर काम सुरू झालं आणि १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक मीटरगेज जोडली गेली.

१९५५ साली ती कायमची बंद पडली म्हणतात.
नाही. सरहद्दीवर तोडली होती, गोवा मुक्तीनंतर पुन्हा जोडली. मीटरगेज गेली ती नव्वदच्या दशकात, ब्रॉडगेज आल्यावर.

शेतामागे दोन रूळ आहेत. मालगाडीचे की खाणीच्या ट्रॉलीचे?
आतल्या कडांमधलं अंतर मोजा. १००० मिलिमीटर भरलं तर मीटरगेज. त्याहून बरंच कमी असेल तर ट्रॉली. रूळच नसतील तर तांबड्या मातीत रुळांखालची काळी खडी दिसते का बघा. फोटो काढा, उकरू नका.

भंगारवाला "अस्सल पोर्तुगीज रूळ" देतोय. होमस्टेच्या फाटकाला घेऊ का?
बाबांनो, किती वेळा सांगू! असा एक तुकडा माझ्याकडेही आणला होता, वर पांढऱ्या ऑइलपेंटने १८८७. तारेच्या ब्रशने गंज झाडला, तर रुळाच्या कमरेवर, म्हणजे मधल्या उभ्या भागावर, उठावाच्या अक्षरात १९५२! रूळ बनवणाऱ्याचं नाव, साल आणि बहुधा वजनही तिथेच असतं. रंगाला विचारू नका. आणि खरा असला तरी तो त्याच्याकडे आला कुठून? रेल्वे भंगार लिलावात विकते, त्याचे कागद असतात. कागद नसलेला माल तुमच्या अंगणात सापडला आणि चोरीचा संशय आला, तर तो रीतसर घेतल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दलच्या १९६६च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्यात तुकडा जागेवरून हलला की लाईन कुठून गेली होती त्याचा पुरावाही गेला. घेण्याआधी कागद वकिलाला दाखवा.

आजोबांच्या जमिनीतून सायडिंग होती. रूळ काढलेत. जमीन आता आमची?
रूळ उचलले म्हणून जमीन परत येत नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि सर्व्हे प्लॅन काढा, जुने पोर्तुगीज दस्त असतील तर तेही घ्या आणि जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. कुंपण आत्ता घालू नका, पण उतारा याच आठवड्यात काढा. "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारे नंतर माझ्याकडे रडत येतात.

जुने अवशेष बघायला रुळावरून दूधसागरला चालत जाऊ का?
नको. ती चालू लाईन आहे.