‘मायदेशी पाठवणी’ आणि ‘फरारी’: पोलिश निर्वासितांच्या संदर्भात

प्रश्न असा आहे की, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतील पोलिश निर्वासितांवर मराठीत लिहिताना ‘रिपॅट्रिएशन’साठी ‘मायदेशी पाठवणी’ हा शब्दप्रयोग चालेल का, आणि महायुद्धानंतर पोलंडमधून चोरून पश्चिमेकडे गेलेल्यांना ‘फरारी’ म्हणावे का.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. ‘पाठवणी’ या शब्दाला लेकीच्या सासरी जाण्याचा ओलावा चिकटलेला आहे आणि सरकारी कार्यवाहीला तो शोभत नाही. तेथे ‘रवानगी’ पुरेसा आहे. खरी अडचण मात्र ‘मायदेश’ या शब्दाची आहे. वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार लोक, ज्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, मुख्यतः पूर्व पोलंडमधले होते. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उठवून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले, १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांनी सोव्हिएत संघात उभारलेल्या पोलिश सैन्याबरोबर ते इराणला पोहोचले आणि तेथून भारतात आले. १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या याल्टा परिषदेत ल्वुफ, विल्नो या शहरांसह तो सारा पूर्व प्रदेश सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. त्यामुळे युद्धानंतर ‘परत जा’ असे सांगणे म्हणजे, ज्या भागात आपले घर कधीच नव्हते आणि ज्या नव्या साम्यवादी राजवटीवर विश्वास नव्हता, तेथे जा असे सांगणे होते. म्हणूनच वळिवड्यातील थोडेच लोक पोलंडला गेले आणि बहुतेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा अशी वाट धरली.

पोलिश भाषेतही हा पेच आहे. १९४४ ते १९४६ या काळात सोव्हिएतांकडे गेलेल्या पूर्व भागातून दहा लाखांहून अधिक पोलिश लोकांना नव्या सीमांच्या आत हलवण्यात आले आणि त्याला अधिकृतपणे ‘रेपात्रियात्स्या’ म्हटले गेले. परंतु आपल्याच भूमीतून उठवलेल्यांना स्वदेशी परतलेले कसे म्हणावे, असा आक्षेप घेऊन अनेक अभ्यासक ‘एक्सपात्रियात्स्या’, म्हणजे स्वदेशातून बाहेर काढणे, हा शब्द वापरतात. मराठीत या लोकांना ‘देशोधडीला लावले’ असेच म्हणावे. ‘प्रत्यावर्तन’ हा पारिभाषिक शब्द केवळ सरकारी योजनेचे नाव सांगताना वापरावा, आणि जो स्वेच्छेने गेला त्याच्यासाठी ‘मायदेशी परतला’ हा साधा प्रयोग मोकळेपणाने करावा.

‘फरारी’ म्हटले की मागे गुन्हा असल्याचे गृहीत धरले जाते. ती पोलिसांची दृष्टी झाली. जानेवारी १९४७ च्या गैरप्रकारांनी भरलेल्या निवडणुकीनंतर, शेतकरी पक्षाचे नेते आणि माजी उपपंतप्रधान स्तानिस्वाव मिकोवायचिक यांनी अटकेच्या भीतीने त्याच वर्षी ऑक्टोबरात गुपचूप देश सोडला. त्यांना फरारी म्हणणे म्हणजे त्यांच्यामागे लागलेल्या सत्तेचा शब्द आपण उचलणे होय. अशांसाठी ‘परागंदा’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे, आणि मराठीत जुलमामुळे घरदार सोडून दूर गेलेल्यांविषयी तो रुळलेला आहे.

परागंदा शब्दात चोरटेपणा मात्र येत नाही. तो सांगायचा असेल, तर ‘चोरवाटेने सीमा ओलांडली’ असे लिहावे. पोलिश लोक यालाच ‘हिरव्या सीमेवरून जाणे’ म्हणतात. नाक्यांऐवजी जंगला-शेतांतून जाणारी सीमा, असा त्याचा अर्थ. हा प्रयोग मराठीत घ्यायचा झाल्यास पहिल्या वेळी त्याचा अर्थ देणे आवश्यक आहे.

‘निर्वासित’ हा शब्द तसाच ठेवावा. फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागी सिंधी कुटुंबे येऊन आजचे गांधीनगर वसले आणि त्यांनाही कोल्हापूरकरांनी निर्वासितच म्हटले. म्हणून लेखात दोन्ही समूह येत असतील, तर प्रत्येक वेळी ‘पोलिश’ किंवा ‘सिंधी’ हे विशेषण जोडावे.