“मॅडम, माझे हार्मोन्स बिघडलेत”

“हार्मोन्स बिघडलेत बहुतेक, झोपच येत नाही” हे वाक्य मी समुपदेशनात दर आठवड्याला ऐकते आणि मागोमाग प्रश्न असतोच, झोप नाही म्हणून हार्मोन्स बिघडले की हार्मोन्समुळे झोप गेली? त्यावर एक केस सांगते, परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नाशिकच्या एक ताई, वय ४५. आल्या त्या रिपोर्टची फाईल घेऊनच. थायरॉईड नॉर्मल, उपाशीपोटी शुगर १०८, म्हणजे डायबेटिस नाही पण १०० पासून पुढे प्रीडायबेटिस धरतात. वजन वर्षात ६ किलो वाढलेलं, पाळी मागेपुढे, चिडचिड तर इतकी की मुलीने बोलणं टाकलेलं. झोपेसाठी ऑनलाइन मागवलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्याही खाऊन झालेल्या.

मी फक्त एक वही करायला सांगितली, १४ दिवस, कधी झोपलात कधी उठलात बस. ती वाचली आणि मी कपाळाला हात लावला. नवरा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, घरी यायला पावणेबारा. या थांबणार, गरम करून वाढणार, त्याच्यासोबत परत थोडा भात खाणार, ओटा आवरून आडवं व्हायला एक. आणि साडेपाचला डब्याचा गजर. अहो, साडेचार तास! येत नाही काय, झोपायला मिळतच नव्हतं की. दिवस ढकलायला चहा, शेवटचा कप संध्याकाळी सातला, आणि चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात.

झोप अशी तोडली की भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी पडतं, म्हणून चार वाजता फरसाणाचा डबा उघडायचा आणि नंतर स्वतःलाच दोष द्यायचा. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचंही काम ढिलं होतं, त्यात मध्यरात्रीचा तो भात.

पण हार्मोन्सची शंकाही अगदीच चुकीची नव्हती हं. वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोनतीनदा लिहिलेलं, “रात्री ३, गाऊन ओला”. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, लाज वाटली म्हणे. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन खालीवर होतं, घाम फुटून जाग येते, आणि हे काही समुपदेशनाने थांबत नाही, त्यासाठी गायनॅककडेच पाठवलं. बाकीचं आपल्या हातातलं होतं.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “मी कधी म्हटलं थांब म्हणून? मला तर वाटायचं हिला झोपच येत नाही, म्हणून जागी असते.” १९ वर्षं संसार झालाय दोघांचा! सासूबाईंना पटलं नाही पण ठरलं, जेवण हॉटपॉटमध्ये, ताई साडेदहाला आत, चहा चारनंतर बंद, रविवारीही उठायची वेळ तीच.

पहिले आठ दिवस त्या दार वाजेपर्यंत जाग्याच पडून राहायच्या, सवय कुठे जाते. मग हळूहळू लागायला लागली. तीन महिन्यांनी शुगर ९८, वजन मात्र दीडच किलो उतरलं, घामाची जाग औषधाने कमी झालीये, गेली नाहीये. मुलगी बोलते आता.

“आणि हे?” मी विचारलं.

“वाढून घेतात हाताने. ताट मात्र अजून सिंकमध्येच असतं सकाळी.”