वाचकांचे प्रश्न : रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाला पंखा (प्रोपेलर) कुठला बसवू?

प्रश्न (म्हापसा) : ४६ च्या, म्हणजे ७.५ सीसीच्या ग्लो (मेथॅनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या) इंजिनावर ११×६ चा, म्हणजे ११ इंच व्यासाचा आणि ६ इंच पिचचा पंखा आहे. भात कापलेल्या शेतात ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान उतरवतो, पण ते तरंगतच जातं आणि मेरेवर (बांधावर) आदळतं. १२×४ लावला तर इंजिनावर ताण येईल का?

उत्तर : नाही, उलट किंचित कमी होईल. व्यासाचा चौथा घात काढा आणि पिचने, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे सरकू पाहतो त्या आकड्याने, गुणा. ११×६ चे येतात सुमारे ८७,८५०, १२×४ चे ८२,९५०. दोन्ही पंखे एकाच बनावटीचे हवेत. पात्याची रुंदी बदलली की हा हिशेब कोलमडतो. व्यासाचा इंच पिचच्या इंचापेक्षा फार महाग पडतो. उद्या कुणी १२×६ सुचवला तर ऐकू नका. भार ४२ टक्क्यांनी वाढतो, इंजिन तापतं आणि नेमकं चढताना बंद पडतं.

विमान तरंगतं ते पिचमुळे. आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली असताना, मिनिटाला २,५०० फेरे असतील तर ६ पिचचा पंखा ताशी सुमारे २३ किलोमीटरने पुढे सरकू पाहतो, ४ पिचचा १५ ने. म्हणून कमी पिचचा पंखा उतरताना ब्रेकचं काम करतो. मात्र आधी टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावून आयडल मोजा. ते ३,५०० वर घोंघावत असेल तर नव्या पंख्याचा फायदा तिथेच संपला.

दुसरी बाजूही बघा. ११,००० फेऱ्यांवर ६ पिचचा हिशेब ताशी १०० किलोमीटर, ४ चा जेमतेम ६७. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की १२×४ वर विमान जागच्या जागी रेंगाळेल. आमचं मत विचाराल तर आधी ११×५ लावून बघा. १२ इंची पंख्याचं टोक जमिनीला अर्धा इंच जवळ येतं, आणि कापणीनंतरची धसकटं काही मऊ नसतात.

पंखा बदलला की नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सुई, पुन्हा लावायची. फुल थ्रॉटलला सर्वाधिक फेरे गाठा, मग ३०० फेरे उतरेपर्यंत ती सैल करा, म्हणजे इंधन वाढवा. विमानाचं नाक वर धरून आवाज ऐका. फेरे पडले तर आणखी थोडी सैल. हे सगळं पंख्याच्या मागे राहून, पात्यांच्या रेषेत कधीच नाही.

प्रश्न (फोंडा) : पावसाळाभर ठेवलेला लाकडी पंखा लावला तर इंजिन थरथरतं, मध्येच बंद पडतं.

उत्तर : लाकडाने दमट हवा ओढली, एक पातं जड झालं. थरथरीने टाकीत फेस होतो, बुडबुडे नळीत शिरतात, इंजिन उपाशी पडतं. पंखा बॅलन्सरवर (पाती तोलायच्या साधनावर) ठेवा. जड पात्याची पुढची, फुगीर बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा. टोक कापू नका. घासलेल्या जागी वार्निश द्या आणि सुकल्यावर पुन्हा तोला, कारण वार्निशलाही वजन असतं. उन्हाळ्यात लाकूड आकसून नट सैल होतो, तेव्हा दर उड्डाणाआधी तो पान्ह्याने तपासा.

प्रश्न (साखळी) : २.५ सीसीच्या इंजिनाला कुठला पंखा?

उत्तर : ट्रेनरला ८×४. पात्याला चीर दिसली की तो पंखा कचऱ्यात, चिकटवून वापरायचा नाही.