पहाटेचा भोंगा जवळ कसा येतो?

प्रश्न : हिवाळ्यात पहाटे वावरात जागलीला असलो की तीन कोसांवरच्या गावची काकड आरती शब्दन् शब्द ऐकू येते. मे महिन्यात भरदुपारी तोच भोंगा शेजारच्या गावातही लागत नाही. असं का? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पहाटे गलका कमी असतो हे खरंच, पण एवढ्यानं भागत नाही. ध्वनी गरम हवेत जोरात धावतो: १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ३५८. निरभ्र रात्री काळी जमीन थंडावते. तिच्यालगतची हवा गार, वरची त्यामानानं उबदार. म्हणजे लाटेचा वरचा भाग पुढं, खालचा मागं. जोडीतला एक बैल चपळ निघाला की बंडी मठ्ठ बैलाकडं वळते ना, तशी लाट खाली वळते. वर निसटणारा आवाज पुन्हा जमिनीवर येतो, तुमच्या जागलीपर्यंत.

दुपारी उलटं. तापलेल्या जमिनीलगत हवा जास्त गरम, म्हणून लाट वर वळते आणि आवाज डोक्यावरून जातो. तेव्हा माचाणावर चढून बघा, थोडा जास्त ऐकू येईल. वाऱ्याचाही हात असतो. तो भोंग्याकडून तुमच्याकडं वाहत असेल तर दुपारीही ऐकू येऊ शकतं.